हिवतापाची खबर कोणी पोचवली

1911 साली डॉ. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतल्या हिवतापावरचा अहवाल आला आणि शहरातल्या कितीतरी वाड्यांच्या अंगणातली विहीर एकाएकी आरोपी ठरली. बेंटली यांनी त्यापूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी दुआर भागातल्या चहामळ्यांत क्रिस्टोफर्स या डॉक्टरांबरोबर हिवतापाचा अभ्यास केला होता. मुंबईत त्या वेळी अलेक्झांड्रा गोदीचे काम चालू होते, बाहेरगावचे मजूर मोठ्या संख्येने आले होते आणि फोर्टसारख्या पक्क्या दगडी इमारतींच्या भागातही लोक तापाने फणफणत होते. जवळपास दलदल नसताना हा ताप येतो कुठून, याचे उत्तर बेंटलींना विहिरींत सापडले. ॲनोफिलीस स्टीफेन्सी जातीच्या डासाला गटाराचे पाणी लागत नाही. स्वच्छ, संथ, सावलीतले पाणी त्याला मानवते. शहरातल्या विहिरी, हौद, कारंजी आणि पाण्याच्या टाक्या म्हणजे त्याची हक्काची घरे होती.

विहार तलावाचे पाणी मुंबईत 1860 मध्ये आले, तुळशीचे 1879 मध्ये आणि तानशाचे 1892 मध्ये. नळ आले तरी विहिरी राहिल्या, कारण विहिरीचे काम फक्त तहान भागवण्याचे नव्हते. पारशांच्या धर्मविधींना विहिरीचे पाणी लागे. अग्यारीच्या आवारात विहीर असे, आणि आबान यझद या जलदेवतेच्या नावाने तिच्यावर दिवा आणि फुले ठेवली जात. हिंदू घरांत बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडली की विहिरीची पूजा करी. पाण्यात साती आसरा राहतात, त्यांना दुखवू नये, ही समजूत कोकणातून आणि देशावरून आलेल्या प्रत्येक माणसाबरोबर शहरात आली होती. नळाला कोणी हळदकुंकू वाहत नव्हते.

अशा विहिरीच्या मालकाला कायद्याच्या कलम 381 खाली महापालिकेची नोटीस गेली : ठरल्या मुदतीत विहीर बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशी बंद करा. नोटीस काढणाऱ्यांचे शास्त्र बरोबर होते. डासाचे आयुष्य त्यांना ठाऊक होते, अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास किती दिवसांत निघतो तेही ठाऊक होते. ज्याच्या दारावर शिपाई कागद घेऊन उभा होता, त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. आजोबांनी खणलेली विहीर बुजवा असा सरकारी हुकूम आहे, एवढेच त्याला कळले. विहिरीच्या पाण्याचा आणि घरातल्या पोराला एक दिवसाआड भरणाऱ्या थंडीचा संबंध काय, हे त्या कागदातून समजण्याजोगे नव्हते.

मग हरकती आल्या. त्या हरकती वाचणाऱ्यांत एक विलक्षण माणूस होता, रुस्तम पेस्तनजी मसानी. ते मुंबई महापालिकेचे सचिव होते आणि पुढे आयुक्तही झाले. विहीर बुजवू नये म्हणून लोक कोणती कारणे देतात, याकडे त्यांनी अडाणीपणा म्हणून पाहिले नाही. विहिरीत पीर राहतो, देवता राहते, बुजवली तर घरावर संकट येते, अमक्याने बुजवली आणि वर्षाच्या आत त्याचे घर बसले, अशा कथा त्यांनी गोळा केल्या, जगभरच्या जलपूजेच्या कथांशी ताडून पाहिल्या आणि 1918 साली ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. हिवतापाच्या मोहिमेतून लोकसमजुतींवरचा ग्रंथ निघाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. आरोग्य खात्याला जे ऐकू आले नाही ते पालिकेच्या सचिवाला ऐकू आले, कारण ऐकणे हा त्याच्या कामाचा भाग होता.

पुढे तडजोड निघाली. कुठे विहिरीवर पक्के झाकण आणि पाणी काढण्यापुरते उघडबंद होणारे दार, कुठे उजेड आत जावा म्हणून बारीक तारेची जाळी. पुष्कळ विहिरी कायमच्या बुजल्या, काही टिकल्या. चर्चगेटजवळची 1725 सालची भिखा बेहराम विहीर आजही आहे आणि पारशी भाविक तिथे आजही दिवा लावतात. जाळी आणि दाराचा तोडगा डासाला अडवीत होता आणि श्रद्धेला धक्का लावत नव्हता. पहिली नोटीस निघण्याआधी कोणी अंगणात बसून चार प्रश्न विचारले असते तर तो आधीच सुचला असता. हिवतापाविषयी लोकांना जे कळले ते नेहमी कोणत्या तरी वाटेने आले, आणि त्या वाटेवरून उलट काही येऊ शकत होते की नाही, यावर ते किती टिकणार हे ठरले. गेल्या सव्वाशे वर्षांचा हा इतिहास मला तरी असाच दिसतो.

मुंबईकरांच्या मनात नोटिशीविषयी जी भीती होती, तिला कारण होते. जेमतेम चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा प्लेग लोक विसरले नव्हते. 1896 च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग फुटला, तो पुण्यात पोचला आणि गोरे सोजीर घराघरांत शिरून तपासणी करू लागले. देवघरापर्यंत बूट गेले, बायकांची तपासणी झाली, सामान रस्त्यावर जळाले. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत पुण्याच्या प्लेग बंदोबस्ताचे प्रमुख रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 20 ऑगस्ट 1897 रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूची वाढ दिसली. हुसेन खान नावाचा रोगी डास चावून घ्यायला तयार झाला होता आणि त्याला दर डासामागे एक आणा मिळत होता. हिवतापाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा शोध आपल्याच देशात, पुण्यामुंबईपासून रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावर लागला. पण त्या पावसाळ्यात मराठी वृत्तपत्रांचे सगळे लक्ष प्लेगकडे, धरपकडीकडे आणि टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्याकडे होते, आणि ते साहजिकच होते. डासाची गोष्ट लोकांपर्यंत पोचायला त्यानंतर कित्येक वर्षे गेली. पोचली तेव्हा ती सरकारी माणसाच्या तोंडून पोचली, आणि सरकारी माणूस दारात आला की काय होते हे लोकांनी अनुभवले होते.

रोगाची गोष्ट पोचण्याआधी औषध मात्र पोचले होते. ते पोचवले टपालखात्याने. क्लेमेंट्स मार्कम यांच्या खटपटीने 1860-61 च्या सुमारास सिंकोनाची रोपे दक्षिण अमेरिकेतून निलगिरीत आली. दार्जिलिंगजवळ मुंगपू इथे सरकारी मळे आणि कारखाना उभा राहिला. सिंकोनाच्या सालीतून कोयनेल तयार होऊ लागले, पण ते खेड्यातल्या माणसाच्या हातात जावे कसे? दवाखाना वीस-वीस मैलांवर. मग 1892 साली बंगालमध्ये एक युक्ती निघाली. कलकत्त्याच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख जॉर्ज किंग यांनी ती मांडली : टपाल कचेरीत एका पैशाला कोयनेलची एक पुडी. पोस्टकार्ड घ्यायला आलेला माणूस तापाची पुडीही घेऊन जाईल. पुड्या तुरुंगात कैद्यांकडून भरून घेतल्या जात. पुढे ही पद्धत इतर प्रांतांतही गेली.

त्या पुडीकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. घडी घातलेला लहानसा कागद, आत पाच ग्रेन, पुढे सात ग्रेन पांढरी कडू भुकटी. सात ग्रेन म्हणजे अर्ध्या ग्रॅमलाही कमीच. मोठ्या माणसाचा हिवताप कोयनेलने मुळापासून घालवायचा तर रोज याच्या तिपटी-चौपटीने औषध, आणि तेही काही दिवस सलग घ्यावे लागते. पण एक पैशाची एक पुडी हातात आली की ‘एक पुडी म्हणजे एक औषध’ असेच माणूस समजणार. ताप उतरे, चार दिवसांनी फिरून येई, आणि दोष औषधाला लागे. कडू औषध उष्ण पडते, कानांत गुणगुण होते, पोटुशी बाईने घेऊ नये, असा अनुभव आणि अशी समजूत पुडीबरोबर गावभर फिरे. पुडीत घातलेले औषध गावात पोचले. ते किती दिवस आणि का घ्यायचे हे पोचले नाही. 1909 साली सिमल्याला हिवतापावर सरकारी परिषद भरली. तोवर जाणत्यांच्या हे लक्षात आले होते, आणि पुढे पूर्ण उपचाराच्या गोळ्या एकत्र बांधून द्याव्यात या दिशेने पावले पडू लागली. तरी पैशाच्या पुडीला मी कमी लेखणार नाही. आपल्या देशात औषध पहिल्यांदा जर कुठल्या वाटेने खेड्यात गेले असेल तर ते टपालाच्या पिशवीतून.

दुसरी वाट जाहिरातीची होती. मुंबईच्या डॉ. बाटलीवाला यांचे तापावरचे मिश्रण आणि गोळ्या त्या काळी घरोघरी माहीत होत्या, आणि त्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून सतत येत. सरकारी पत्रकाची भाषा कोरडी असे. जाहिरातीची भाषा घरगुती. थंडी वाजते का, एक दिवसाआड ताप येतो का, प्लीहा वाढली आहे का, असे जाहिरात थेट विचारी. हिवतापाची लक्षणे शिक्षित मराठी कुटुंबांना समजली ती बरीचशी या चौकटींतून, असे मला वाटते. डास मात्र त्या चौकटींत नव्हता. बाटली विकणाऱ्याला विहिरीशी काही कर्तव्य नव्हते.

डास दाखवण्याचे काम केले ते मॅजिक लँटर्नने. कल्याणच्या पटवर्धनांनी 1892 च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले होते. पुराणातल्या कथा पडद्यावर पाहायला लोक गर्दी करीत. मुंबईचे आरोग्याधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांनी हेच साधन उचलले. त्यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘बॉम्बे सॅनिटरी असोसिएशन’ स्थापन झाली. व्याख्याने, पत्रके, चित्रे यांतून लोकमत तयार करावे हा तिचा हेतू होता आणि भाषणे देशी भाषांत होत. पांढऱ्या पडद्यावर हाताएवढा डास पाहिला की ऐकणाऱ्याच्या मनात तो बसे, हे खरे. पण व्याख्यानाला येणारे बहुतेक शिकलेले, आधीच पटलेले. चाळीतला गिरणी कामगार पाळी संपवून कुठल्या व्याख्यानाला जाणार? आणि विहिरीच्या मालकाला व्याख्यानाचे आमंत्रण जाण्याऐवजी नोटीस गेली. मुंबईत दोन्ही वाटा होत्या. त्या एकमेकींना जोडल्या गेल्या नाहीत. 1928 साली मेजर गॉर्डन कोवेल यांनी मुंबईची पुन्हा पाहणी केली तेव्हा शहरात हिवताप होताच. डास तोच होता, आणि विहिरींच्या जोडीला आता टाक्याही होत्या.

दुसऱ्या महायुद्धाने डीडीटी आणले आणि सगळे चित्र पालटले. मुंबई प्रांताच्या मलेरिया विभागाचे प्रमुख डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी 1945-46 मध्ये कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून पाहिले. भिंतीवर बसलेला डास मरतो, तापाचे प्रमाण झपाट्याने घटते, आणि हे सारे खेड्याच्या पातळीवर परवडते, हे त्यांनी दाखवून दिले. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. 1953 च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे मुंबई प्रांतातला हा अनुभव होता.

फवारणीवाले गावात येत तेव्हा लोकांनी त्यांना आनंदाने घरात घेतले. त्याचे श्रेय हिवतापाविषयीच्या प्रचाराला फारसे जात नाही. पावडर मारली की ढेकूण मरत, माश्या मरत, झुरळे मरत. ताप येणे थांबले हे कळायला वर्ष लागते, ढेकूण मेलेले दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतात. म्हणून डीडीटी म्हणजे ढेकणांचे औषध, अशी त्याची ओळख झाली. काही वर्षांत ढेकूण डीडीटीला दाद देईनासे झाले. तेव्हा लोक म्हणू लागले की पावडरीत दम राहिला नाही, भिंती मात्र खराब होतात. दारे बंद होऊ लागली. खरे तर ढेकणांवर परिणाम होत नसला तरी बऱ्याच भागांत डासांवर अजून होत होता. पण ज्या खुणेवरून लोकांनी औषध ओळखले ती खूण पुसली गेली, आणि दुसरी खूण त्यांना कोणी नीट दिली नव्हती.

सारवणाचेही तसेच झाले. भिंतीवर मारलेले डीडीटी काही महिने काम करते, पण त्यावर शेणामातीचा हात फिरला की ते खाली गाडले जाते. आपल्याकडे भिंती सारवायच्या, पोतारायच्या त्या सणाच्या तोंडावर, म्हणजे पावसाळा सरता सरता, नेमक्या डासांच्या हंगामात. सारवू नका अशी सूचना फवारणीच्या वेळी दिली जाई. ती ऐकायला दारात असे घरचा पुरुष किंवा गावचा पाटील, आणि सारवणारी बाई असे शेतावर किंवा चुलीपाशी. ज्या हातांनी भिंत सारवली जाणार होती त्यांच्याशी बोलायचे राहून गेले. या मोहिमेच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती या गोष्टीची. पैसा होता, औषध होते, माणसे होती. एक वाक्य योग्य कानापर्यंत गेले नाही.

ऐकून घेणारी वाट कशी असते हे महाराष्ट्रात त्याच काळात दिसले होते. 1956 साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे आणि आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ ग्रामीण मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, मग चर्चा करायची, आणि शंका आकाशवाणीकडे पाठवायच्या; त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळत. पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे या प्रयोगाचे मोजमाप केले. जिथे मंडळे होती त्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे ती फारच थोडी पडली. विषय मुख्यतः शेतीचे होते. पण बोलून विचारता आले तर माहिती मुरते, हे त्यातून कोणालाही घेता येण्यासारखे होते.

1958 च्या एप्रिलमध्ये नियंत्रणाच्या जागी निर्मूलनाचा कार्यक्रम आला आणि त्याबरोबर एक नवा माणूस आला : दर पंधरा दिवसांनी दार ठोठावणारा हिवताप कर्मचारी. सुमारे दहा हजार वस्तीमागे एक. खांद्याला पिशवी, पिशवीत काचपट्ट्या, सुई, कापूस, स्पिरिट आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या. प्रश्न एकच, गेल्या पंधरवड्यात घरात कोणाला ताप आला का? आला असेल तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, मोठ्या माणसाला चार गोळ्या समोर गिळायला लावायच्या, आणि दाराशेजारच्या भिंतीवर छापलेल्या चौकटीत तारीख टाकून सही करायची. ती काळी चौकट माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी आजोळच्या घरावर पाहिली असेल. काचपट्टी तपासणीला जाई, भिंगाखाली जंतू सापडला तर तोच माणूस प्रायमाक्विन घेऊन परत येई.

हा कर्मचारी डॉक्टर नव्हता आणि त्याला मोठा मानही नव्हता. पण हिवतापाच्या इतिहासात खेड्यातल्या माणसाला नियमाने प्रश्न विचारणारा पहिला सरकारी माणूस तोच. त्याच्यामुळे लोकांना एक गोष्ट पक्की कळली : ताप आला की रक्त तपासायचे. 1961 साली देशात नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास उतरले. 1965 साली ते सुमारे एक लाख होते आणि मृत्यूची नोंद एकही नव्हती.

मग ताप दिसेनासा झाला तशी त्याची चर्चाही थांबली. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना हिवतापाचा रोगी पाहायला मिळेना. काचपट्ट्यांचे ढीग साचू लागले. रक्त घेतल्यावर निकाल यायला आठवडे लागू लागले. ज्याचे बोट टोचले त्याला काहीच उत्तर मिळत नसे, आणि असे दोन-चारदा झाल्यावर तो पुढच्या वेळी ‘कोणाला ताप नाही’ असे सांगून मोकळा होई. 1965 आणि 1971 च्या युद्धांचा ताण, डीडीटीचा तुटवडा, डासांत आलेली प्रतिकारशक्ती आणि 1973 साली आसामात प्रथम आढळलेला क्लोरोक्विनला न जुमानणारा जंतू, हिवताप परत उलटण्याची ही कारणे अहवालांत सविस्तर आहेत. कर्तारसिंग समितीच्या 1973 च्या शिफारशीनंतर हिवतापाचा वेगळा कर्मचारी बहुउद्देशीय कर्मचाऱ्यांत सामावला गेला. त्याच्या पिशवीत आता लसीकरण होते, कुटुंबनियोजन होते, आणि आणीबाणीच्या काळात तर कुटुंबनियोजनाचे आकडे सगळ्यांच्या वर होते. ज्याला पाहून लोक हक्काने तापाची गोष्ट सांगत, त्याच्यापासून आता ते लपू लागले. 1976 साली देशात हिवतापाचे चौसष्ट लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

1977 च्या सुधारित योजनेने शहाणपणाची एक गोष्ट केली. औषध गावातच ठेवले. शिक्षक, पंच, दुकानदार अशा कोणाच्या तरी घरी तापाच्या गोळ्या ठेवायच्या, काही ठिकाणी त्यांनी रक्ताचा नमुनाही घ्यायचा. म्हणजे वाट पुन्हा ओळखीच्या माणसाच्या उंबऱ्यापर्यंत आली. पण अशा केंद्रांवर बहुधा पुरुष होते. तान्ह्या मुलाला घेऊन रात्री शिक्षकाच्या घरी जायला बाई कचरे.

ती अडचण दूर व्हायला 2005 नंतरची आशा ही गावातलीच आरोग्यसेविका यावी लागली. गडचिरोली महाराष्ट्रातला हिवतापाने सर्वाधिक गांजलेला जिल्हा. भामरागड-एटापल्लीच्या जंगलात घरची भाषा माडिया किंवा गोंडी, आणि भिंतीवरची पत्रके मराठी. 1973 पासून हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे आणि मंदाकिनी आमटे काम करू लागले, तेव्हा भाषा शिकणे हेच पहिले काम होते. मेंदूचा हिवताप होऊन बेशुद्ध पडलेला माणूस औषधाने उठून बसला आणि पायी गावी परतला, की त्याच्यासारखा सांगणारा दुसरा कोणी नसे. आज त्या भागातल्या पाड्यावर आशा आहे, ती त्याच पाड्यातली आहे, तिच्याकडे तपासणीची पट्टी आहे. बोटातला एक थेंब, पंधरा-वीस मिनिटे, आणि रेघ उमटली की निकाल रोग्याच्या डोळ्यांसमोर. गंभीर प्रकारच्या हिवतापाच्या गोळ्यांची पाकिटे वयाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची असतात : एक वर्षाखालच्या बाळाला गुलाबी, चार वर्षांपर्यंत पिवळे, मग हिरवे, मग लाल, आणि पंधरा वर्षांपुढे पांढरे. तीन दिवसांचे पूर्ण औषध एकाच पाकिटात. अक्षर न येणाऱ्या आईलाही ते चुकत नाही. 1892 च्या पुडीत जे राहून गेले होते ते या पाकिटात आले आहे.

मुंबईत मात्र 2010 साली 76 हजारांवर लोकांना हिवताप झाला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. बांधकामांवर साचलेले पाणी, परगावाहून आलेले मजूर आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्या. बेंटलींनी पाहिलेल्या शहरापेक्षा हे फार निराळे नाही. महापालिका आजही टाकीला घट्ट झाकण बसवा, तपासणीसाठी शिडी ठेवा अशा नोटिसा देते, आणि त्यासाठी आजही कायद्याचे तेच कलम 381 हाताशी असते. जून महिना हिवतापविरोधी महिना म्हणून पाळला जातो, आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा असे फलक लागतात. फलक वाचून हंडे-पिंपे पालथी करणारे लोक आहेत. पण गच्चीची किल्ली बहुधा सोसायटीच्या चिटणीसाकडे असते आणि तो कामावर गेलेला असतो.

म्हणून वाचकांना विनंती आहे. पालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस आला तर त्याला गच्चीवर जाऊ द्या, त्याच्याबरोबर वर जा, टाकीत काय दिसते ते त्याला दाखवायला सांगा आणि जे कळत नाही ते तिथेच विचारा. ताप आला तर अंगावर काढू नका, रक्त तपासा. व्हायव्हॅक्स प्रकारचा हिवताप निघाला आणि डॉक्टरांनी प्रायमाक्विन दिले तर ते चौदाही दिवस घ्या, तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडू नका. जंतू यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी परत उठतो. गरोदर बाईने आणि तान्ह्या बाळाने हे औषध घ्यायचे नसते, तेव्हा ते आधी डॉक्टरांना सांगा. आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंना, इमारतीच्या पहारेकऱ्याला, समोरच्या बांधकामावरच्या मजुराला ताप असेल तर रक्ताची तपासणी पालिकेच्या दवाखान्यात मोफत होते, हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा.